गठ्ठ्याखालचं तळं

मारिकनीने आपल्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ओकत होता.

हे ओकणं साधंसुधं नव्हतं. सात्तूरच्या त्या गल्लीत पुढे कितीतरी वर्षं लोक 'पूल वाहून गेला त्या साली' असं न म्हणता 'मारिकनीला बघायला आलेला पाहुणा ओकला त्या साली' असंच म्हणत. परसातल्या शेवग्याला त्याने दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि आतून असा आवाज काढत होता की झाडावरचे कावळे उठून थेट रेल्वे स्टेशनावर जाऊन बसले, शेजारच्या म्हशीने दोन दिवस दूध दिलं नाही आणि गल्लीच्या टोकाच्या कंपाउंडरने न बोलावता पेटी उचलली. ओसरीवर चौदा पाहुणे हातातली केळ्याची भजी तशीच धरून एकमेकांची तोंडं बघत होते. मारिकनीच्या बापाने शिऱ्याचं पातेलं हुंगलं. आईने तूप हुंगलं. आत्याने, काही कारण नसताना, मारिकनीला हुंगलं.

"मुलाला पोटाचा विकार आहे का?" बापाने शेवटी विचारलं.

"छे हो," मुलाचा मामा म्हणाला, "कलेचा आहे."

"बरा होतो का?"

मामाने भजं तोंडात टाकलं.

मुलीने अशा वेळी आत बसून राहायचं असतं. पण मारिकनीला बसून राहणं कधी जमलंच नाही. ती तांब्याभर पाणी घेऊन परसात गेली.

"काय खाल्लंत बाहेर?"

"खाल्लं नाही. बघितलं." त्याने मान न वळवता घराकडे बोट केलं. "तुमच्या भिंतीवर. तो धबधबा."

भिंतीवर विरुदुनगरच्या एका तेलवाल्याचं कॅलेंडर होतं. हिरव्या दरीतून कोसळणारा धबधबा, मागे बर्फाचे डोंगर, पुढे दोन राजहंस, आणि मधोमध रोजच्या तारखांचा गठ्ठा. साल सरलं, शेवटची तारीख फाटली, तरी मारिकनीने ते खाली उतरवू दिलं नव्हतं. रोज वाटण वाटताना ती त्याच्याकडे बघत असे. हंसांना तिने नावंही ठेवली होती, पण हे ती कुणाला मेली तरी सांगणार नव्हती.

"चित्र चांगलं आहे की," ती म्हणाली.

"एकशे बारा नंबर. मीच काढलंय." त्याने चूळ भरली. "त्या डाव्या हंसाची मान बघितलीत? तशी मान घेऊन तो पाणी प्यायला वाकला तर जन्मात वर यायचा नाही. आणि ते हिरवं! असं हिरवं फक्त शेवाळाला येतं. शी!"

"मग काढून टाकते भिंतीवरून."

"कुठून कुठून काढाल? तीन लाख छापलीत."

स्वतःच्या कामावर इतका चिडणारा माणूस घरी येईपर्यंत थकलेला असणार, मग बायकोवर चिडायला त्याच्यात त्राण उरणार नाही, असा विचार करून मारिकनीने होकार दिला. हा विचार लग्नानंतर आठ दिवसांत साफ खोटा ठरला.

काळिराजन शिवकाशीत रत्नसामी अण्णाचींच्या छापखान्यात चित्रकार होता. शिवकाशीपासून चार कोसांवरच्या एका खेड्यात तो जन्मला. त्या खेड्यात पाऊस नातेवाइकासारखा यायचा, म्हणजे लग्नकार्याला, उशिरा आणि जेवून लगेच परत. गावाला एक तळं होतं. वर्षातले दहा महिने त्यात तडकलेली काळी माती असे, काठावर ताडाची झाडं आणि एक फुटका दगडी बांध. या तळ्याकडे बघत बघत काळिराजन कोळशाने भिंती काळ्या करायला शिकला. एकोणिसाव्या वर्षी अण्णाचींनी त्याला काड्यापेटीवरच्या लेबलांसाठी ठेवून घेतलं. तिथे त्याने पोपट काढले, कात्री काढली, कमळं काढली, फटाक्यांच्या खोक्यांवर भाल्यासारखे उडणारे बाण काढले. ती कामं त्याला आवडत. पोपट पोपटासारखा दिसला की झालं, पुढे कुणी काही विचारत नसे.

मग निसर्गचित्रं काढणारे म्हातारे चित्रकार कोइमतूरला मुलाकडे राहायला गेले. जाताना त्यांनी खुर्ची, कुंचले आणि विलायती बिस्किटांच्या डब्याचं एक झाकण काळिराजनच्या स्वाधीन केलं. झाकणावर बर्फाचे डोंगर होते आणि लाल छपराचं एक घर होतं. छापखान्यातला सगळा निसर्ग त्या झाकणातून निघत असे.

"माणूस उन्हातून घरी येतो," अण्णाची समजावत. त्यांच्या कपाळावर विभूती, खिशात चष्मा आणि तोंडात विडा कायम असे. "डोकं तापलेलं. बायको तापलेली. वर बघितलं तर पाणी दिसलं पाहिजे. पाणी नसेल तर ते चित्र नाही."

"तलाव चालेल?"

"पडणारं पाणी. आवाज आला पाहिजे."

काळिराजनने पडणारं पाणी काढलं. डोंगरावरून, झाडांतून, एकदा तर बंगल्याच्या गच्चीवरून. ऑगस्टच्या तोंडावर, आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, नव्या वर्षाच्या कॅलेंडरांच्या नमुन्यांचा आल्बम बाहेर पडायचा. गावोगावचे एजंट घामाच्या वासासकट येऊन पानं उलटायचे आणि ओल्या बोटाने दाखवायचे, "हे. हे पण. याच्यात आणखी दोन हरणं टाका." हरणं टाकली जायची. आणि मग वर्षभर काळिराजन जिथे जाईल तिथे त्याची हरणं त्याच्याकडे बघत. दाढी करायला गेला तर आरशाच्या वर हरीण. दात काढायला गेला तर समोर बर्फ. चहा प्यायला थांबला तर हात धुण्याच्या टाकीवर त्याचाच राजहंस, आणि त्यावर पिचकारी. तहसीलदार कचेरीत तर एकाच भिंतीवर चार धबधबे होते आणि नळाला पाणी नव्हतं.

त्याला हिरव्याची किळस बसली. मारिकनीच्या घरात पालेभाजी शिजायची बंद झाली. कोथिंबीर गेली, पुदिना गेला, कढीपत्तासुद्धा ती फोडणीतून वेचून काढून टाके. लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानावर जेवायची वेळ आली की तो वाढप्याला हाका मारून भात मागे आणि तो पानभर असा थापे की हिरवं काही दिसू नये. यजमानांना वाटे, काय खातोय हा माणूस! मारिकनी मान खाली घालून जेवे.

ती स्वतः छापखान्याच्या बांधणीच्या शेडमध्ये कामाला लागली होती. बारा बायकांची ती मुकादम. तारखांच्या गठ्ठ्याच्या पाठीला खळ फासायची, चित्राच्या पुठ्ठ्यावर तो दाबायचा, वर पत्र्याची पट्टी ठेवून दोन खिळे ठोकायचे. खळ मैद्याची, आणि किडा लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद. दोन दिवसांत ती आंबायची आणि बायकांचे हात हिरवेनिळे व्हायचे. मारिकनी घरी आली की नवरा दारातच चिंचेचा गोळा घेऊन उभा.

"तीनदा धू."

"दोनदा धुतले."

"नखात आहे अजून. श्श! तसल्या हातांनी भाताला शिवू नकोस."

"हे हात तुमच्याच धबधब्याला गठ्ठे चिकटवून असे झालेत, अहो."

या गठ्ठ्याने त्याच्या हाताला एक विचित्र सवय लावली होती. चित्राच्या खालच्या भागात, मधोमध, तीन इंच रुंद आणि चार इंच उंच जागा कोरी सोडायची, कारण तिथे गठ्ठा बसणार. त्यामुळे त्याच्या नद्या ऐन मध्यावर आल्या की घाबरल्यासारख्या उजवीकडे वळत. हरणं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना फौजदारी कोर्टातल्या शिपायांसारखी उभी राहत. ही सवय इतकी मुरली की मेव्हण्याच्या दुकानाच्या पाटीवर त्याने नारळाची बाग काढून दिली, तेव्हा बागेच्या मधोमध एक कोरा चौकोन राहिला. मेव्हणा तिथे काय येणार याची सहा महिने वाट बघत होता.

रविवारी मात्र काळिराजन सायकलला स्टूल बांधून आपल्या खेड्यात जाई आणि तळं काढी. तडकलेली माती, ताड, काटेरी झुडपं, फुटका बांध. रंग चारच, त्यांत हिरवा नाही. संध्याकाळी तो घरी येई तेव्हा चेहरा असा शांत असे की मारिकनीला परका माणूस घरात शिरल्यासारखं वाटे. चित्रं खाटेखाली जात. तिथे झुरळं होती.

एकदा त्याने धीर करून त्यातलं एक अण्णाचींपुढे ठेवलं. अण्णाचींनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"कोण गेलं रे, काळिराजा?"

"कुणी नाही, अण्णाची. आल्बमसाठी आहे."

"आल्बम म्हणजे स्मशान वाटलं का तुला?" शेजारी सोन्याच्या दुकानाचे एक मालक बसले होते, त्यांच्याकडे अण्णाचींनी चित्र सरकवलं. "घ्याल का हो? गिऱ्हाइकाला दिवाळीत वाटायला?"

"खिडकी उघडली की दिसतं हे," मालक म्हणाले, "खिडकी बंद करून परत भिंतीवर कशाला?"

दोघेही खूप हसले. विड्याचा लाल थेंब उडाला आणि बरोबर तळ्याच्या काठावर पडला.

त्या दिवशी काळिराजनने घरी येऊन एकच वाक्य शंभरदा म्हटलं. "एकदा. फक्त एकदा लोकांनी ते बघावं. मग काढीन मी धबधबे मरेपर्यंत." जेवताना म्हटलं, हात धुताना म्हटलं, आणि मारिकनी खाट सरकवून झुरळं मारत होती तेव्हाही म्हटलं. झुरळांनी तीन तळ्यांचे काठ खाल्ले होते. चप्पल हातात घेऊन ती चित्रं एकेक उलटायला लागली आणि थांबली.

"अहो, या सगळ्यांना मधोमध भोक का?"

"कसलं भोक?"

"हे बघा. आणि हे. खाली, मध्ये. सगळीकडे कोरं."

काळिराजन वाकला. चौदा रविवारांची चौदा तळी, आणि प्रत्येकात ऐन मातीच्या मध्यावर तीन बाय चारची कोरी जागा. त्याने ती कधी सोडली होती, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. तो खाटेवर बसला. त्याच्या तोंडावर सात्तूरच्या परसातला तो भाव बघून मारिकनी मोरीतून बादली आणायला धावली.

"गठ्ठा," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यातच गठ्ठा चिकटवलाय त्यांनी."

बादली हातात, झुरळं पायाखाली, सबंध दिवसाची खळ नाकात. मारिकनीलाही आता शिसारी आली होती, चित्रांची आणि चित्रकाराचीही. ती ताडकन म्हणाली, "मग गठ्ठ्याखालीच काढा की तुमचं तळं! तिथे कुणी बघायला येत नाही, अण्णाचीसुद्धा नाही!"

हा टोमणा होता. पण काळिराजनने मान वर केली आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं त्याने लग्नातही बघितलं नव्हतं.

पुढच्या वर्षीचं तीनशे अठरा नंबरचं चित्र हे त्याच्या सगळ्या धबधब्यांचा बाप होतं. पाणी तीन ठिकाणांहून पडत होतं, हंस चार, हरणं सात, इंद्रधनुष्य एक. आणि खाली, गठ्ठ्याच्या जागी, तीन बाय चार इंचांत काळं, कोरडं, तडकलेलं तळं. या वेळी मधोमध काही कोरं राहिलेलं नाही ना, हे मारिकनीने स्वतः बोट फिरवून तपासलं. अण्णाचींची रीत अशी, की ते नमुना बघताना त्यावर खराखुरा गठ्ठा ठेवूनच बघत, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसेल तसं दिसावं. या वेळी काळिराजनने गठ्ठा आधीच ठेवून दिला होता; त्यांनी धबधबा बघितला आणि "आवाज येतोय!" म्हणून काळिराजनची पाठ थोपटली. प्लेट करणाऱ्यांना खालचं तळं दिसलं, पण त्या छापखान्यात एखादी गोष्ट कुरूप असली की ती मालकांची आज्ञा असणार असं सगळे धरून चालत.

राहिला गठ्ठा. मागे खळ लावली तर तळं कायमचं गेलं. मारिकनीने बारा बायकांना सांगितलं, "तीनशे अठराला खळ नको. वरची पट्टी ठोका नुसती."

"का गं, अक्का?"

"हात किती सडवून घ्यायचे? ठोका."

बायकांनी आनंदाने ठोकले. शेवटच्या दिवशी शेवटची तारीख फाटेल, मागचा पुठ्ठा ओढला की निघून येईल आणि तीन लाख घरांत एकाच दिवशी तळं उघडं पडेल, असा बेत होता.

जानेवारी लागला आणि मारिकनीच्या घरात माणूस बदलला. तीनशे अठरा सगळीकडे लागलं होतं. तो न्हाव्याकडे गेला, चहाच्या टपरीवर गेला, गठ्ठ्याकडे बघून हसून परत आला. फेब्रुवारीत त्याने शेवग्याच्या पाल्याची भाजी मागितली. मारिकनीने बादली जवळ ठेवून वाढली. त्याने खाल्ली, आणि पुन्हा मागितली. रोज सकाळी तो घरातली तारीख स्वतः फाडत असे, घाई झालेल्या माणसासारखी.

मे महिन्यात ऊन तापलं, घरोघरी छतावरचे पंखे गरगरायला लागले आणि गठ्ठे पडायला लागले.

आधी एक पत्र आलं. कारैकुडीच्या एका मिठाईवाल्याचं कॅलेंडर कढईच्या वर होतं, पूर्ण जून महिना आटणाऱ्या दुधात गेला. मग तेनकाशीहून आलं, गठ्ठा झोपलेल्या सासऱ्याच्या नाकावर पडला, सासरा जावयावर संशय घेतोय. कुणाचा राहुकाळ हुकला, कुणाच्या साखरपुड्याचा मुहूर्त खाटेखाली सापडला. तिसऱ्या आठवड्यात पोस्टमनने पत्रं पोत्यात घालून आणली आणि अण्णाचींच्या टेबलावर ओतली.

"मारिकनी! खळ कुठे गेली?"

"मोरचूद चांगला नव्हता, अण्णाची. धरली नाही."

"धरली नाही? वासही नाही तिला! मी हुंगून बघितलं!"

काळिराजनला मात्र एकच कळत होतं. गठ्ठे पडले म्हणजे तळं उघडं झालं, तेही सात महिने आधी. लोक आता रोज ते बघत असणार. त्याने अण्णाचींकडून ती पत्रं मागून घेतली, "चूक कुठे झाली ते शोधतो" असं सांगून, आणि घरी आणली. तीन दिवस दुपारचं जेवण बाजूला सारून तो ती वाचत होता. मारिकनी समोर बसून त्याचा चेहरा वाचत होती. सहाशे चाळीस पत्रं. तारखा, तिथ्या, सण, शिव्या. चित्राबद्दल कुणी अक्षर लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "लोक लिहीत नाहीत म्हणजे बघत नाहीत असं थोडंच आहे?" त्याने मान हलवली आणि पुढचं पाकीट फोडलं.

तिसऱ्या दिवशी एक सापडलं. पुदुक्कोट्टैच्या एका निवृत्त मास्तरांचं होतं, सुरेख अक्षरात. काळिराजनने मोठ्याने वाचलं:

"'आपला धबधबा अतिशय मनोहर असून आम्ही उभयता रोज बघतो. परंतु गठ्ठा गळून पडल्यापासून त्याखाली ओलीचा काळपट डाग दिसू लागला आहे. बहुधा पुठ्ठा हलका असावा. पाहुण्यांसमोर किळस वाटते म्हणून आम्ही तिथे मुरुगन देवाचे चित्र चिकटवले आहे. पुढील वर्षी लक्ष द्यावे.'"

"मुडदा बसवला त्या मास्तराचा," मारिकनी म्हणाली.

काळिराजन उठला. त्याने भिंतीवरचं तीनशे अठरा काढलं, गठ्ठा उपटला आणि चित्र दाराशी उजेडात धरलं. हात लांब करून बघितलं. मग आणखी लांब. मग उंबऱ्यावर ठेवून अंगणाच्या टोकाला जाऊन बघितलं.

"डागच दिसतो," तो तिथून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पत्रं परत करायला दोघं गेली तर अण्णाची स्वतः एक कॅलेंडर घेऊन बसले होते. गठ्ठा बाजूला पडला होता. त्यांनी चष्मा लावलेला होता आणि विडा थुंकलेला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"काय आहे हे?"

"तळं, अण्णाची."

"कुठलं?"

काळिराजनने गावाचं नाव सांगितलं. अण्णाचींनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. मग बांधावरून नख फिरवलं.

"हा बांध," ते म्हणाले. "त्या दिवशी हसण्यात दिसलाच नाही. डावीकडून तिसरा दगड निखळलेला. माझी आई इथे घागर घेऊन बसायची. झरा पाझरायचा थेंब थेंब, एक घागर भरायला दुपार जायची. एकदा भरलेली घागर माझ्या हातून फुटली. तिने मला मारलं नाही. ओल्या मातीला तोंड लावून बसली." त्यांनी चित्र टेबलावर पालथं घातलं. "बरोबर काढलंयस. अगदी तस्सं काढलंयस. याच्यापासून पळून आलो रे आपण इथे. आणि तू हे माझ्या नावाने तीन लाख घरांत पाठवलंस?"

काळिराजनला वाटलं होतं की एखाद्याने तळं ओळखलं तर आपल्याला खूप काहीतरी वाटेल. मारिकनीने त्याच्याकडे बघितलं. तो टेबलावरच्या विड्याच्या डागाकडे बघत होता.

"हाकलणार नाही तुला," अण्णाची म्हणाले. "धबधबा कोण काढणार मग? पण ती जागा आता कोरी नको."

मारिकनीची मुकादमी गेली आणि तिला खळीच्या कढईवर उभं केलं. तीनशे अठरा आल्बममधून काढलं नाही, कारण मागणी होती. गठ्ठ्याखालच्या जागेत पुढच्या वर्षीपासून छापखान्याचा पत्ता छापायचा असं ठरलं. पत्त्याची अक्षरं काळिराजननेच काढली, तीन ओळींत. सोळा वर्षं तोच पत्ता छापला गेला, मध्ये एकदा फोनचा नंबर तेवढा बदलला.